दात बघणाऱ्या आक्का

महेशचा फोन आला तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यात होते. टेबलावर शेजारच्या आक्कांचा कुत्रा बुरुण्या उभा होता, त्याची नखं कापायचं काम चाललं होतं आणि मी त्याचं डोकं पोटाशी धरून ठेवलं होतं. पर्समध्ये फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा वाजल्यावर मला कळून चुकलं. प्राजक्ता डॉक्टरांनाही कळलं असावं, कारण त्यांनी हातातलं नखं कापायचं यंत्र खाली ठेवलं. "काकू, आई गेली. दहा मिनिटं झाली..." महेश एवढंच बोलला. मी "बरं" म्हटलं. अशा बातमीवर दुसरं काय म्हणायचं असतं, हे साठी उलटली तरी मला कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "राहू देऊ का? पुढचे दोन पाय राहिलेत." मी म्हटलं, "नको, पुरं करा. अर्धवट काम आक्कांना खपायचं नाही." मग आम्ही दोघींनी उरलेली नखं पुरी केली. बुरुण्या शहाण्यासारखा उभा राहिला. त्याचं माणूस गेलंय हे त्याला कोण सांगणार होतं...

महादेवीआक्का माझ्या शेजारच्या. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या मागच्या अंगाला आमची बैठ्या घरांची कॉलनी आहे, तिथं सव्वीस वर्षं आमच्या दोघींच्या परसात कमरेएवढी एकच भिंत होती. त्या माहेरच्या कुरुंदवाडच्या. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. आईला त्या अव्वा म्हणायच्या आणि चिडल्या की कानडीत चिडायच्या. यजमान एस.टी.त होते, ते लवकर गेले. महेश तेव्हा चौथीत होता. आक्का एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागल्या आणि डॉक्टरांनी वय झालं म्हणून दवाखाना बंद केला तोपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, तिथंच राहिल्या. हत्यारं उकळायची, दातात भरायचं सिमेंट कालवायचं, पेशंटच्या तोंडात नळी धरायची, घाबरलेल्याचा हात धरायचा. माझी दाढ काढली तेव्हा मी त्यांना कामात पाहिलं होतं. माझ्या आधी एक भलेदांडगे गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि भीतीनं त्यांचं तोंडच उघडत नव्हतं. आक्का म्हणाल्या, "पावणं, आ करा. एवढुसा न्हवं. लाडू खाताना करताय तेवढा करा की." गृहस्थ हसले, तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी सुई टोचलीसुद्धा. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, की दात किडलाय हे माझ्याआधी आक्कांना कळतं.

माणसांच्या दातांना न भिणारी ही बाई कुत्र्याला मात्र जाम भ्यायची. लहानपणी कुरुंदवाडच्या घाटावर कुत्रं पोटरीला चावलं होतं आणि मग पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती गोष्ट सांगतानाही त्या पोटावर हात ठेवायच्या. कॉलनीच्या तोंडाशी दोन भटकी कुत्री असायची, तर आक्का भाजीला जायला लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जायच्या. अशा बाईच्या घरी महेशनं पामेरियन आणलं. पांढरंशुभ्र, कोल्ह्यासारख्या तोंडाचं. त्यानं नाव ठेवलं ब्रूनो. आक्कांनी पहिल्याच दिवशी त्याचं बुरुण्या केलं. तो महेशच्या खोलीत आणि आक्का स्वयंपाकघरात, अशी दोघांची हद्द ठरलेली होती. पण महेशला बेंगळुरूला नोकरी लागली आणि तिथल्या फ्लॅटच्या मालकानं कुत्रं नको म्हणून सांगितलं. "दोन महिने सांभाळ आई, दुसरी जागा बघतो," असं सांगून तो गेला. त्या दोन महिन्यांची आठ वर्षं झाली.

सुरुवातीचे दिवस मी भिंतीवरून पाहिले आहेत. आक्का भाताचं ताट जमिनीवर ठेवायच्या आणि केरसुणीच्या दांड्यानं ते त्याच्याकडे सरकवायच्या. कोण त्याला विंचरणार आणि कोण धुणार? पावसाळ्याच्या अखेरीला त्याच्या कानामागं आणि काखेत केसांच्या जटा झाल्या, अंगाला कुबट वास यायला लागला. एका दुपारी मी परसात कपडे काढत होते आणि पलीकडून हाक आली, "नलू, लगीच ये हिकडं!" मी धावत गेले. मला वाटलं चावला. तर बुरुण्या उन्हात बसून जांभया देत होता आणि आक्का चार हात लांब उकिडव्या बसून, मान वाकडी करून त्याच्या तोंडात बघत होत्या. "बघ, परत जांभई दिली की बघ. मागच्या दाढंवर किटण बसलंय. पिवळं न्हाय, पार तपकिरी. हिरडी लाल झालीया. आन् म्हणून वास येतोय तोंडाला, मी म्हणतो ह्यो घाण खाऊन आला का काय!" कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारख्या आक्काही 'मी म्हणतो, मी जातो' असंच बोलायच्या. मी म्हटलं, "आक्का, कुत्र्याचे दात कोण बघतं का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवूनही अडाणीच राहिले. "दात ते दातच की," त्या म्हणाल्या. "त्याला काय दुखत नसंल व्हय?"

पुढं जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून तेही सांगते. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी आठवण म्हणून आक्कांना काही जुनी हत्यारं दिली होती. त्यात दात खरवडायचा आकडा होता. आक्कांनी तो उकळला. मी बुरुण्याला टॉवेलात गुंडाळून धरलं आणि आक्कांनी, अंग होईल तेवढं लांब ठेवून, त्याची दाढ खरवडायला घेतली. पहिल्यांदा किटणाचा एक तुकडा निघाला आणि आम्हाला दोघींना फार आनंद झाला. दुसऱ्यांदा त्यानं डोकं हिसडलं, आकडा हिरडीत घुसला आणि तो असा ओरडला की अजून कानात आहे. टॉवेल रक्तानं भरला. बुरुण्या सुटून कॉटखाली गेला तो तीन दिवस बाहेर आला नाही. आक्का कॉटसमोर फरशीवर बसून राहिल्या. दूधभात ठेवला, पोळी ठेवली. तो डोळे मिचकावत बघायचा आणि आणखी मागं सरकायचा. तिसऱ्या दिवशी मी गेले तर आक्का रडत होत्या. "मला वाटलं, मला येतंय," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं काम केल्यालं माणूस हाय मी, आन् मुक्या जिवाच्या तोंडात रक्त काडलं..."

त्याच दिवशी आम्ही त्याला प्राजक्ता डॉक्टरांकडे नेलं. त्या नुकत्याच शिकून आल्या होत्या, दवाखान्याच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या आईच्या वयाच्या बाईला सरळ झापलं. कुत्रं जागं असताना असं खरवडायचं नाही. वरचं किटण निघालेलं दिसतं आणि हिरडीखालचं तसंच राहतं, दुखतं ते वेगळंच. भूल देऊन, नीट तपासून करायचं काम आहे ते. आक्का मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. मग भूल देऊन दात साफ झाले, हलणारे चार दात काढावे लागले. आक्कांनी काचेतून सगळं पाहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पुन्हा किटण बसू नये म्हणून मी काय करू?" डॉक्टर म्हणाल्या, "रोज घासायचे." मला हसू आलं. आक्कांना आलं नाही.

त्यांनी ते ज्या चिकाटीनं केलं, ते मी कधी विसरणार नाही. आधी त्याचा विश्वास परत मिळवायचा होता. पहिला आठवडा त्या फक्त त्याच्याजवळ बसल्या. मग कंगवा घेतला, एकेक जट बोटांनी सोडवली, न सुटणारी डॉक्टरांकडून कापून घेतली. अंघोळीनंतर कानात ओल राहू नये म्हणून कान आतून कोरडे करायला शिकल्या. मग एक दिवस अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ नुसता उचलला आणि लगेच सोडला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी दोनदा. मग बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून बाहेरच्या बाजूनं एक दात पुसला. असं करत करत दीड महिन्यानं त्यांनी ब्रश तोंडात घातला आणि बुरुण्यानं तो घालू दिला. टूथपेस्ट कुत्र्याचीच. आपली चालत नाही, कारण "त्यास्नी थुकता येत न्हाय, सगळं गिळत्यात," हे त्या पुढं शंभर लोकांना सांगत राहिल्या. मी एकदा विचारलं, "आक्का, भीती कुठं गेली तुमची?" त्या म्हणाल्या, "भ्यायला येळच मिळाला न्हाय बग."

रंकाळ्यावर सकाळी कुत्री फिरवणारी माणसं एकमेकांना कुत्र्यांच्या नावानं ओळखतात. त्यांच्यात आक्कांचं नाव झालं ते एका लॅब्राडॉरमुळं. त्याचा मालक "आमच्या शेरूच्या तोंडाला लई वास येतो" असं म्हणाला आणि आक्कांनी तिथंच, फूटपाथवर, त्या घोड्याएवढ्या कुत्र्याचा ओठ उचलून दोन्ही बाजू पाहिल्या. हळूहळू रविवारी सकाळी आक्कांच्या पडवीत कुत्री यायला लागली. त्यांचा नेम पक्का होता. तिथं खरवडणं नाही, औषध नाही. फक्त बघायचं, काही वाटलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि मालकाला घासायला, विंचरायला शिकवायचं. कुणी म्हणालं, की आक्का, तुम्हीच घासून द्या ना, तर त्या फटकारायच्या, "मी आठवड्यातनं एकदा घासून काय उपयोग? तुमी जेवताय ते आठवड्यातनं एकदा जेवताय का?" एका बाईंनी कुत्र्याला फ्रॉक घालून आणलं होतं. आक्कांनी फ्रॉक काढायला लावला, आत गोचिडी निघाल्या. त्या बाई पुन्हा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी पहिला नंबर त्यांचाच.

पण सर्जाची गोष्ट वेगळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला गोठा असलेले एक विलासराव म्हणून गृहस्थ होते, ते एका रविवारी जीपमधून तो काळा, दांडगा कुत्रा घेऊन आले. साखळीनं बांधलेला, वर तोंडाला दोरी. त्याच्या डाव्या डोळ्याखाली गळू होतं. मलम लावलं की बरं व्हायचं, महिन्याभरानं पुन्हा फुटायचं, असं आठ महिने चाललेलं. त्यात तो चिडका झाला होता, दोन गड्यांना चावला होता. विलासराव म्हणाले, "आक्का, ही शेवटची येळ. आज कळलं न्हाय तर घाटात नेऊन सोडणार." आक्का त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ नुसत्या बसल्या. मी आणि बाकीची माणसं पडवीच्या दुसऱ्या टोकाला. मग त्यांनी अंगठा डाव्या बाजूला नेला, दोरीखालून, आणि ओठ वर केला. सर्जा गुरगुरला. त्यांनी अंगठा हलवला नाही, मागंही घेतला नाही. "डोळ्याला काय झालेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "वरची मोठी दाढ चिरफाळलीया. तिचं मूळ डोळ्याखाली असतंय, तिथनं पू येतोय. हाडकं टाकताय व्हय?"

"बुधवार-रविवार. मटणाची."

"मग फुटणारच की दाढ."

प्राजक्ता डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाढ काढली. पंधरवड्यात गळू मिटलं ते कायमचं. विलासराव काकवीची बरणी घेऊन आले आणि पडवीच्या पायरीवर बसले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला. "आठ म्हैनं मी त्याला काठीनं हाणलं, आक्का. माजलाय म्हणून हाणलं. त्याचं दुखत हुतं..." आक्का म्हणाल्या, "त्यानं सांगितलंवतं की. आपल्याला ऐकू आलं न्हाय." आणि उठून त्यांनी चहा टाकला.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतके आठवडे लागले.

आक्का मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळत बसायची. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांची सकाळ अशी सुरू होते. आक्कांना ती लग्नानंतर लागली. दातांच्या दवाखान्यात लागल्यावर त्यांनी ती सोडायला हवी होती, सोडली नाही, फक्त लपवली. सकाळी लवकर, परसातल्या न्हाणीमागं, आणि नंतर ब्रशनं दात असे घासायच्या की डॉक्टरांनाही अठ्ठावीस वर्षांत कळलं नाही. मला कळलं ते भिंतीमुळं. एकदा मी लवकर उठून कढीपत्ता तोडायला गेले, तर आक्का बोट तोंडात घालून बसलेल्या. त्या दचकल्या, मग हसल्या. "दोन बोटं लावतो फकस्त. न्हाय लावली तर पोट साफ हुईत न्हाय. कुणाला बोलू नगंस." मी हसले आणि कुणाला बोलले नाही. शेजारणी एकमेकींची अशी गुपितं ठेवतात. त्यात मला एक प्रकारचा मानच वाटला होता.

आक्कांना हिरव्या मिरचीचा खर्डा भारी आवडायचा. भाकरी, खर्डा आणि वर कच्चं तेल, याच्यापुढं त्यांना पक्वान्न नको असायचं. मागच्याच्या मागच्या वर्षी गणपतीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की आमच्याकडं जेवायला बसल्या तर त्या खर्डा बाजूला सारतात आणि दहीभात खातात. मी विचारलं. "तोंड आलंय," त्या म्हणाल्या. दिवाळीत फराळाची चकली त्यांनी चहात बुडवून मऊ करून खाल्ली. मी पुन्हा विचारलं. "तोंड आलंय म्हटलं की, नलू." मी शाळेत तीस वर्षं घालवली आहेत. पोरगी काहीतरी लपवते तेव्हा ती तेच उत्तर त्याच शब्दांत दुसऱ्यांदा देते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी गप्प राहिले. पुढं विचारायचं तर मिश्रीचं नाव काढावं लागलं असतं. ते गुपित त्यांनी विश्वासानं माझ्याकडं ठेवलं होतं, आणि आता त्याच्याकडंच बोट दाखवायचं, हे मला जमलं नाही. आज वाटतं, कसला हा भिडस्तपणा... पण तेव्हा तो मला चांगुलपणा वाटत होता. संक्रांतही तशीच गेली.

शेवटी विचारलं ते प्राजक्ता डॉक्टरांनी. आक्का बुरुण्याला दरवर्षीच्या तपासणीला घेऊन गेल्या होत्या. बोलताना त्यांची जीभ जड पडते आहे हे डॉक्टरांना जाणवलं. त्या म्हणाल्या, "आक्का, तुमची जीभ दाखवा बघू." आक्कांनी बुरुण्याला उचललं आणि तशाच निघून आल्या. डॉक्टरांनी मला फोन केला. मी तशीच, हातातलं काम टाकून, पलीकडं गेले. आक्का पडवीत पाटावर बसून बुरुण्याला विंचरत होत्या. मी समोर बसले. म्हटलं, "आक्का, तोंड उघडा."

त्यांनी वर पाहिलं नाही. कंगव्यातले केस काढून त्यांचा गोळा केला, बाजूला ठेवला. "मला ठावं हाय, नलू," त्या म्हणाल्या. "दातांचा बारका आरसा हाय न्हवं माझ्याकडं. गणपतीपास्नं बघतोय मी. आधी पांढरा डाग हुता. मग जखम झाली, ती भरंना. कडा निबर झाल्यात. असली तोंडं बघितल्यात मी. डॉक्टर चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, आन् ती माणसं पुन्ना दिसायची न्हाईत."

"मग सांगितलं का नाही? मला तरी?"

"लाज वाटली." कंगवा पुन्हा चालू झाला. "दवाखान्यात भिंतीवर तंबाखूचं चित्र हुतं. अठ्ठावीस वर्षं त्या चित्राखाली हुबारून मी लोकास्नी सांगितलं, सोडा म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

बुरुण्या आमच्या दोघींच्या मध्ये आडवा झाला होता. मग आक्कांनी कंगवा खाली ठेवला, पदरानं हात पुसले, उजेडाकडं तोंड केलं आणि उघडलं. मला त्यातलं काही कळत नाही. तरी कळलं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. ऑपरेशन झालं, जिभेचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. मग किरणांचे शेक. महेश आणि त्याची बायको सुट्ट्या काढून, आळीपाळीनं, मनापासून करत राहिले. आक्का घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता आणि बोलणं इतकं पुसट झालं होतं, की मला आणि महेशलाच तेवढं कळायचं. कॉलनीतली माणसं भेटायला यायची आणि बोलताना भिंतीकडं बघायची. चांगली माणसं, पण नजर कुठं ठेवावी हे कुणाला कळत नव्हतं. आक्का अर्ध्या चेहऱ्यावर पदर ओढून बसायच्या. बुरुण्याला मात्र पदराशी काही देणंघेणं नव्हतं. तो मांडीवर पुढचे पाय ठेवून उभा राहायचा, पदराच्या आत नाक घालायचा आणि जखमेच्या बाजूचा गाल हुंगून, समाधान झालं की खाली बसायचा. त्यांना हे आवडायचं. पहिले काही दिवस मी त्याला ओढायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली.

मला वाटलं होतं, रविवार आता संपले. पण महिन्याभरानं विलासराव सर्जाला घेऊन आले. ते आले, पायरीवर बसले आणि सरळ आक्कांच्या तोंडाकडं बघून, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आक्का, दाढ काडल्यावर आमचा सर्जाबी म्हैनाभर वाकडाच दिसत हुता. आता बगा की, कसा रुबाबात हाय." मी गारच पडले. महेशची बायको दारातच थबकली. आणि आक्का हसल्या. अर्ध्या तोंडानं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसण्यात पदर खाली आला तो त्यांनी पुन्हा वर घेतला नाही. सर्जापुढं बसल्या आणि अंगठ्यानं त्याचा ओठ उचलला.

वर्षभर तसं चाललं. आक्का बघायच्या, मी शेजारी बसून त्यांचं बोलणं लोकांना उलगडून सांगायची. कुत्र्यांना ते उलगडून सांगावं लागत नव्हतं. त्याच काळात त्यांनी मला शिकवलं. माझा अंगठा धरून ओठावर कुठं ठेवायचा, किती जोर लावायचा, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका कसा धरायचा आणि बारीक गोल कसा फिरवायचा, हे सगळं हातानं दाखवलं. मी घाई केली की हात झटकून टाकायच्या. यंदा थंडी संपताना दुखणं उलटलं. शेवटचे पंधरा दिवस त्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला जायची तेव्हा माझ्याकडे बघून तर्जनी दातांवरून फिरवायच्या. म्हणजे घासतेस ना? मी "घासते" म्हणायची. त्या डोळे मिटायच्या.

दिवसकार्य झाल्यावर महेश म्हणाला, "काकू, बुरुण्याला मी घेऊन जातो. आता जागा मोठी आहे." पण बुरुण्या आता अकरा वर्षांचा आहे, एका डोळ्यानं त्याला कमी दिसतं आणि इथली प्रत्येक पायरी त्याला पाठ आहे. महेशनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मग तोच म्हणाला, "नको. राहू दे." आक्कांच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. सकाळी मी पडवी उघडते, बुरुण्या आणि मी आत जाऊन बसतो. पहिले दिवस मला नीट जमत नव्हतं. मी दाब जास्त द्यायची आणि तो डोकं फिरवायचा. एकदा मी वैतागून ब्रश खाली ठेवला आणि बोटाला ओला कपडा गुंडाळून, पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आता तो थांबतो.

गेल्या रविवारी पडवीपुढं रिक्षा उभी राहिली. एक बाई उतरल्या, पन्नाशीच्या असतील, काखेत तपकिरी गावठी कुत्री. कोडोलीहून आल्या होत्या. "दात बघणाऱ्या बाई तुमीच न्हवं?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं, की त्या गेल्या, सहा आठवडे झाले. बाई मटकन पायरीवर बसल्या. "आता ओ? एवढ्या लांबनं आलोय. चार दिस झालं, ही काय खाईना झालीया." मी बुरुण्याला आत सरकवलं. मग म्हटलं, "आणा इकडं."

कुत्री घाबरलेली होती. मी आधी नुसती बसले. मग अंगठ्यानं ओठ उचलला, डावीकडं काही नव्हतं. उजवीकडं दोन दाढांच्या मध्ये हाडाचा तुकडा अडकला होता. मी हात लावला नाही. प्राजक्ता डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे. बाईंचा चेहरा खुलला. त्या मोकळ्या हसल्या आणि हसताना मला त्यांचे दात दिसले. कडेनं काळे, हिरड्याही काळपट. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर तसंच.

"वहिनी," मी म्हटलं, "आता तुमचं तोंड उघडा."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "माझं काय बगताय? मी काय कुत्रं हाय व्हय?"

"मिश्री लावता ना?"

त्या रिक्षावाल्याकडं बघायला लागल्या. मग रस्त्याकडं. मला वाटलं, आता उठतील, कुत्रीला उचलतील आणि जातील. पण मी बाजूला झाले नाही आणि विषयही बदलला नाही. म्हटलं, "लाजू नका. इथं उजेडाकडं वळा. लाडू खाताना करता तेवढा आ करा."

बऱ्याच वेळानं त्यांनी पदर खाली घेतला. मी चष्मा पुसून घातला आणि खाली वाकले.